वेसाव्याची संशयी दाढ

मी एक जुनी दाढ आहे. खालच्या जबड्यात डाव्या अंगाला, मागून तिसरी. वेसाव्याच्या कोळीवाड्यातल्या मंजुळेच्या तोंडात माझं सगळं आयुष्य गेलं. मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव संशयी आहे. भात आला तर त्यात खडा असेल, मासा आला तर काटा असेल, गोड बोलणं आलं तर त्यामागे काहीतरी असेल, असं मला वाटतं. शेजारच्या दाढा मला हसत. पण संशय घेणं हेच माझं काम होतं, आणि त्या कामावर एका बाईची अब्रू उभी होती.

मंजुळा सहा वर्षांची होती तेव्हा मी हिरडी फोडून वर आले. दुधाचे दात येतात आणि पडतात, त्यांचं कोणी मनावर घेत नाही. मी मात्र कायमची आले होते. हे मंजुळेला कोणी सांगितलं नाही. तिला वाटलं, मीही एक दिवस पडेन आणि माझ्या जागी दुसरी येईल. पुढे ती लग्न होऊन त्याच गावात चार गल्ल्या पलीकडे मथुरेच्या घरी सून म्हणून आली. पहिल्याच हंगामात सासूने तिच्या जिभेवर चिमूटभर सुका जवळा ठेवला आणि म्हणाली, चाव आणि सांग. जवळा म्हणजे नखाएवढी बारीक कोळंबी. मंजुळेने तो माझ्याखाली घेतला. मला लगेच कचकच लागली. वाळूचे तीन कण होते. मंजुळेने ते थुंकून सासूच्या तळहातावर ठेवले. मथुरेने शेजारणीला हाक मारून तो तळहात दाखवला.

त्या दिवसापासून माझी नोकरी सुरू झाली. आमच्या गावात बोंबील सुकवायला बांबूंचे उंच सांगाडे उभारतात, त्यांना वलांडी म्हणतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते दोरीवर टांगतात. वारा आणि ऊन मिळालं की बोंबील काठीसारखा कडक होतो. पण मित्रांनो, बोंबलावर कधी विश्वास ठेवू नका. तो बाहेरून कडक दिसतो आणि आत कण्याजवळ ओला राहतो. हाताला ते कळत नाही. तो मोडून दाढेखाली धरला तरच कळतं. सुका बोंबील कटकन तुटतो. ओला जरा दबतो आणि मग तुटतो. त्या जरा दबण्यातच सगळं असतं. असा एक ओला बोंबील डब्यात गेला की पावसाळ्यात सगळा डबा किडतो.

म्हणून गल्लीतल्या बाया माल डब्यात भरण्याआधी मंजुळेकडे आणायच्या. ती एक तुकडा माझ्याखाली धरायची आणि भर म्हणायची किंवा अजून दोन दिवस टांग म्हणायची. कोणी वाद घातला नाही. आधी हे काम मथुरेचं होतं. तिच्या दाढा दुखायला लागल्या तशा तिने एकेक करून काढून टाकल्या. शेवटची निघाली त्या वर्षापासून तिच्या दारात बोंबील घेऊन कोणी आलं नाही.

मी चांगली वीस वर्षं काम केलं. पण माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. मंजुळा सकाळी मशेरी लावायची, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची काळी पूड. ती बोटाने समोरच्या दातांवर फिरायची आणि माझ्यापर्यंत कधी पोचायची, कधी नाही. माझ्या डोक्यावर एक काळा ठिपका पडला. त्याचा खड्डा झाला. खड्ड्यात बोंबलाचा तुकडा अडकायचा आणि मंजुळा तो झाडूच्या काडीने काढायची. मग गार पाण्याची कळ येऊ लागली, मग गरम चहाची. ती लवंग धरायची, तंबाखूची गोळी धरायची, औषधाच्या दुकानातून डोकेदुखीची गोळी आणायची. पुढे एक दिवस कळ आपोआप थांबली. मंजुळा खूश झाली. मला मात्र संशय आला. इतकं दुखणारं आपोआप कसं थांबेल? आतली शीर मेली होती, आणि मेलेलं आतल्या आत नासायला लागलं होतं.

चौऱ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात मी जड झाले. चावताना ठणका लागायचा. मंजुळा गुपचूप उजव्या बाजूने बोंबील पारखू लागली. तिकडे एक दाढ आधीच पडलेली होती आणि उरलेल्यांना या कामाची सवय नव्हती. त्यांनी ओल्या मालाला होकार दिला. आषाढात तीन घरांतून किडलेले बोंबील परत आले. कोणी भांडलं नाही. फक्त पुढच्या वेळी रतन नावाच्या शेजारणीने आपला माल मंजुळेला न दाखवताच डब्यात भरला. मंजुळेने ते ओट्यावरून पाहिलं आणि आत निघून आली. मथुरेनेही पाहिलं होतं.

पुढच्या वर्षी माघ महिन्यात माझ्या मुळाशी पू झाला आणि मंजुळेचा गाल सुजला. अंधेरीच्या बाजारात तिचा मासळी विकायचा ओटा होता. तिथे नीलाबाई नावाची तिची जुनी गिऱ्हाईक यायची. ती जवळच्या सोसायटीत राहायची आणि ऑफिसात नोकरी करायची. तिने सुजलेला गाल पाहून विचारलं. मंजुळा म्हणाली, उपटून टाकते आता. नीलाबाई म्हणाली, "वेडी आहेस का? दाढ वाचते. आतून साफ करून भरतात. माझा दात जिन्यावर पडून तुटला तेव्हा आमच्या श्यामकांत डॉक्टरांनी एका बैठकीत केलं. सकाळी गेले आणि दुपारी घरी जेवले."

एका बैठकीत, हे शब्द मंजुळेने नीट लक्षात ठेवले.

डॉक्टर श्यामकांतांचा दवाखाना स्टेशनाजवळ पहिल्या मजल्यावर होता. माणूस पन्नाशीचा, कमी बोलणारा. मला असे लोक आवडत नाहीत, कारण ते काय लपवतात ते कळत नाही. मंजुळेने तोंड उघडलं आणि माझ्यावर दिव्याचा उजेड पडला. जन्मात पहिल्यांदा कोणी माझ्याकडे इतका वेळ पाहत होतं. त्याने सुई टोचली, माझं डोकं कोरलं आणि आत शिरला. आतून पू आला आणि वासही. मला लाज वाटली. माझ्या दोन मुळांमध्ये तीन बारीक नळ्या आहेत, हे मलाच ठाऊक नव्हतं. त्या नळ्यांतून त्याने केसाएवढ्या कानशी फिरवल्या, पाण्याने धुतलं, औषधाचा कापूस ठेवला आणि वर लवंगेच्या वासाचा पांढरा लपका लावला. म्हणाला, पुढच्या आठवड्यात या.

मंजुळा चूळ भरून थांबली. "मना सरल सांग डाक्टर, किती खेपा माराव्या लागतील?"

"तीन तरी. कदाचित चार."

ती पदराने तोंड पुसून खुर्चीतून उतरली. पण घरी जाताना तिची जीभ सारखी माझ्यावरून फिरत होती, आणि जीभ काय विचार करते ते मला कळतं. नीलाबाईला एक बैठक आणि आपल्याला चार. डॉक्टर एकच, खुर्ची एकच. मग फरक कशाचा? गोल साडीचा आणि कासोट्याचा? मलाही तसंच वाटलं. खरं सांगायचं तर मला त्याहून वाईट वाटलं. मला वाटलं, याला माझं काम जमतच नसेल आणि हा माझ्यावर हात बसवून घेत असेल.

मंजुळेला खेपांचा अर्थ चांगला कळत होता. ओट्यावरचा मासा उद्यापर्यंत थांबत नाही. गिऱ्हाईक आलं की व्यवहार तिथल्या तिथे पुरा करायचा, उद्या ये म्हणणारी कोळीण म्हणजे जिच्या टोपलीत काही नाही अशी कोळीण. म्हणून उद्या ये म्हणणारा डॉक्टर तिला तसाच वाटला. शिवाय प्रत्येक खेपेला तिची बाजाराची सकाळ बुडत होती.

तरी ती दुसऱ्यांदा गेली. या वेळी मी नीट लक्ष ठेवलं. डॉक्टरांनी लपका काढला, कापूस काढला आणि कागदाची सुईएवढी बारीक वात माझ्या नळीत खाली सोडली. थोडा वेळ थांबून ती बाहेर काढली. मग ते आमच्याकडे पाठ करून खिडकीशी गेले. तोंड उघडं होतं म्हणून मला दिसलं. त्यांनी ती वात चेहऱ्याजवळ नेली, मान किंचित खाली केली आणि मग ती टोपलीत टाकली. मंजुळेनेही हे पाहिलं. दोघींच्या मनात एकच आलं, की हा पाठ फिरवून काय करतो? उघड करण्यासारखं असतं तर पाठ कशाला फिरवली असती?

डॉक्टर वळून म्हणाले, "अजून नाही. आणखी एक आठवडा औषध ठेवू."

मंजुळा खुर्चीत उठून बसली. "आज बंद कर. दुखत नाय माझी दाढ."

"दुखत नाही म्हणजे साफ झाली असं नाही. आज बंद केली तर आत राहिलेलं आतच राहील."

"नीलाबायची कशी येका दिसात बंद केलीस? मी कोलीन हाय म्हनून खेपा?"

डॉक्टरांनी लपका मळायला घेतला. मग एवढंच म्हणाले, की तिचा दात वेगळा होता. मंजुळेला हे उत्तर वाटलं नाही, आणि मलाही नाही. कमी बोलणाऱ्या माणसाचं हेच वाईट. जिथे चार शब्द जास्त हवे असतात तिथे तो दोन कमी बोलतो. त्यांनी माझ्यावर नवा लपका लावला, आणि मंजुळा पुढची तारीख न विचारता जिना उतरली.

मग शिमगा आला. कोळीवाड्यात शिमगा म्हणजे घरात कोणी बसत नाही. होळी झाली, धुळवड झाली, डॉक्टरांचा आठवडा गेला आणि त्यापुढचे चारही गेले. दुखत नव्हतंच. मंजुळा रतनला सांगायची की डाक्टरची लबाडी मी वेळीच ओळखली. मला ते ऐकून बरं वाटायचं. आता कळतं, मित्रांनो, की मी सगळ्या जगावर संशय घेत होते, पण माझ्या स्वतःच्या आत काय आहे यावर एकदाही घेतला नाही.

चैत्रात वलांड्या भरल्या. पावसाळ्याच्या बेगमीचे दिवस आले. रतन एक दिवस हातात बोंबील घेऊन घराच्या ओट्यापाशी आली. नुसता पुढे केला. गेल्या वर्षानंतर पहिल्यांदाच. मंजुळेने तो मोडला आणि कितीतरी दिवसांनी माझ्याखाली धरला. तिला दाखवून द्यायचं होतं. तिने जोरात चावलं. बोंबील तुटला, आणि त्याबरोबर माझ्यावरचा पांढरा लपकाही तडकला. तोंडभर लवंग आणि औषध पसरलं. बोंबील ओला होता की सुका, हे मंजुळेला कळलंच नाही. रतन वाट पाहत उभी होती. मंजुळा म्हणाली, उद्या सांगते.

रतनने बोंबील परत घेतला आणि गेली.

त्या फटीतून खारट पाणी, जवळा, चहा, सगळं आत जाऊ लागलं. चौथ्या दिवशी गाल पुन्हा सुजला, आधीपेक्षा जास्त. मंजुळा भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली की आता उपटूनच टाकते, सगळी कटकट जाईल. मथुरा कोपऱ्यात भाकरी दुधात कुस्करत होती. तिने वाटी खाली ठेवली.

"माझं तोंड बघ गो," ती म्हणाली. "मी बी असंच म्हनली होती. आता मना कोन इचारतं?"

दुसऱ्या दिवशी मंजुळा दवाखान्यात गेली. पण जाताना ती स्वतःशी पुटपुटत होती, की या खेपेला निकाल लावायचा. एक तर आज बंद कर नाही तर आज काढ. मी ऐकत होते. कोणी आपल्याबद्दल असं बोलत असताना त्याच्याच तोंडात बसून राहणं कसं असतं, ते मला शब्दांत सांगता येणार नाही.

डॉक्टर रागावले नाहीत. महिनाभर कुठे होतात, असंही त्यांनी विचारलं नाही. फुटका लपका काढला, पू वाहू दिला, खूप वेळ धुतलं. मग कागदाची वात आत सोडली, थांबले, बाहेर काढली आणि सवयीने पाठ फिरवायला लागले. मंजुळेने त्यांचा हात धरला.

"पाठ का करतंस? काय करतंस ते माझ्यासमोर कर."

डॉक्टर ओशाळले. म्हणाले, "वास घेतो. पेशंटला घाण वाटते, म्हणून तिकडे वळतो."

मंजुळेने हात सोडला. तिने आयुष्यात हजारो माशांचे कल्ले उघडून नाकाशी धरले होते. नाकावर भरवसा ठेवणारा माणूस तिने दवाखान्यात पाहिला नव्हता. डॉक्टरांनी ती वात तिच्यापुढे धरली. "घ्या, तुम्हीच बघा."

तिने वात नाकाशी नेली. मग उजेडात धरली. टोकाला ओल होती. मला माझ्याच आतला वास असा दुसऱ्याच्या हातात गेलेला पाहून कुठे लपावं कळेना. मंजुळेने ती वात खाली ठेवली.

"आतून ओला हाय," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "बंद करू नको."

मग तिनेच पुन्हा नीलाबाईचं विचारलं, पण या वेळी आवाज वेगळा होता. डॉक्टरही या वेळी नीट बोलले. त्यांनी सांगितलं, की नीलाबाईंचा दात पडून तुटला आणि त्या दुसऱ्याच दिवशी आल्या. आतली शीर जिवंत होती, पू नव्हता, नळी कोरडी होती. म्हणून साफ केली आणि त्याच बैठकीत भरली. तिथे मुद्दाम चार खेपा घालायला लावल्या असत्या तर ती चूक झाली असती, कारण दर खेपेला उघडलं की बाहेरची घाण आत जायची भीती असते. इथे आत नासलेलं होतं, म्हणून औषध ठेवून वाट पाहायची. ते असंही म्हणाले, की हल्ली काही डॉक्टर पू झालेली दाढही एका बैठकीत भरतात आणि त्यांतल्या पुष्कळ टिकतात, त्यांना मी खोटं म्हणणार नाही. पण माझं मन कोरडी वात पाहिल्याशिवाय घेत नाही.

"तिचा होडीवरचा ताजा," मंजुळा म्हणाली. "माझा वलांडीवरचा."

डॉक्टरांना हे कितपत कळलं, कोण जाणे. मला कळलं. ताज्या मावऱ्याला, म्हणजे मासळीला, थांबवलं तर ती नासते आणि ओल्या बोंबलाला घाईने डब्यात भरलं तर तो नासतो. घाई आणि थांबणं या दोन्हींत लबाडी नाही. माल कोणता आहे ते न बघता दोहोंतलं एक करणं, तिथे फसगत आहे.

पुढच्या आठवड्यात वात आली ती जवळजवळ कोरडी, पण मंजुळेने नाकाशी धरून नाही म्हणून मान हलवली. डॉक्टर हसले आणि म्हणाले, माझंही तेच म्हणणं. त्यापुढच्या आठवड्यात वात आत गेली आणि निघाली तशीच पांढरी. तिने वास घेतला. उजेडात धरली. बोटांत मोडून पाहिली. मग खुर्चीत मागे टेकली आणि आ करण्याआधी म्हणाली, "भर."

तीन नळ्या भरल्या. एक्स-रेच्या काळ्या फिल्मवर माझ्या मुळांत पांढऱ्या रेघा दिसल्या, टोकापर्यंत. वैशाखात माझ्यावर पांढऱ्या धातूची टोपी बसली. मला आता गार लागत नाही आणि गरम लागत नाही. मला वाटलं, माझी नोकरी गेली, मी नुसती दगडाची झाले. डॉक्टरांचं म्हणणं होतं, की शीर गेली तरी दाढ हाडात ज्या धाग्यांवर बसलेली असते ते धागे जिवंत असतात, त्यांना दाब कळतो. माझा अर्थातच विश्वास बसला नाही. मग एका सकाळी मंजुळेने रतनच्या दोरीवरचा एक बोंबील मोडला आणि हळूच माझ्याखाली धरला. तो जरा दबला आणि मग तुटला.

जरा दबला. मला कळलं. मंजुळेला कळलं. ती उठून स्वतः रतनच्या दारात गेली आणि म्हणाली, "दोन दिस अजून टांग." रतनने टांगला.

त्याच आठवड्यात नीलाबाई अंधेरीच्या बाजारात बेगमीला आली. मंजुळेने तिला सोललेल्या सुक्या कोळंबीचे सोडे दिले, जवळा दिला. बोंबील मात्र दिला नाही. म्हणाली, गुरुवारी ये. नीलाबाईच्या कपाळाला आठी पडली. तिच्याच सोसायटीतल्या जयंतीबाईने काल बोंबील नेले होते, ते तिला ठाऊक होतं.

"काल तिला दिलेस आणि मला खेप घालायला लावतेस?" नीलाबाई म्हणाली. "इतक्या वर्षांची गिऱ्हाईक मी तुझी. माझ्यात काय कमी आहे गं?"

तो आवाज मी ओळखला. तो चढत्या उन्हात ओट्यासमोरून येत होता, पण मी तो आधी दवाखान्याच्या खुर्चीत ऐकला होता. मंजुळेनेही ओळखला असावा, कारण ती गालात हसली आणि तिची जीभ क्षणभर माझ्या टोपीला लागली. तिने कमी बोलून चालवलं नाही. जयंतीबाईचा माल आठ दिवस आधीचा होता, हा कालपर्यंत दोरीवर होता, असं तिने नीट सांगितलं. मग टोपलीतून एक बोंबील काढला, मधोमध मोडला आणि मोडलेलं टोक नीलाबाईच्या नाकाशी धरलं.

"वास घे," ती म्हणाली.

नीलाबाईने घेतला. मग पिशवी खांद्यावर नीट केली. "गुरुवारी येते," ती म्हणाली.

मित्रांनो, मी अजून संशयीच आहे. तुम्ही रात्री दात घासता असं आईला सांगता, त्यावरही माझा विश्वास नाही. माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तोंड उघडून आरशात मागच्या दाढांकडे बघत जा, त्या मुक्या असतात. त्यांच्यावर काळा ठिपका दिसला तर त्याच दिवशी मोठ्या माणसाला दाखवा, म्हणजे तुमचं काम ताज्या मासळीसारखं एका फेरीत होईल. आणि उशीर झालाच, डॉक्टरांनी पुन्हा या म्हटलं, तर खुशाल संशय घ्या. पण पाठ फिरवून जिना उतरू नका. का ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत खुर्चीतून उठू नका.